डाव्या हाताची कॉइल

“...मग यांना ठेवायचं तरी कशाला, मास्तर?”

श्रीपतीने हे मालिनीच्या समोरच विचारलं. निदान पाठीमागे तरी विचारायचं, असं तिला वाटलं. मग वाटलं, त्याचं तरी काय चुकलं?

मिरजेत सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत दाऊदमास्तर विजेची गिटार करायला बसले होते. पोकळ भोपळा नाही, नुसती सागाची फळी. तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ही कॉइल रेडिओला जोडली की फळी बोलायची.

बोलायची, पण गुणगुणायचीही. तार छेडा, न छेडा, रेडिओतून एकसारखी घूं. गल्लीतले म्हणत, मास्तरांनी सतार सोडून भुंगा पाळलाय.

श्रीपती डिप्लोमावाला. वर्षभर मास्तरांच्या हाताखाली शिकत होता. त्याने गुंडाळलेली कॉइल पाहत राहावी अशी. मालिनी नुसती मॅट्रिक. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून कामाला यायची. हे काम सुटलं, तर उरलं माहेर आणि भावजयीचं दार.

आज तिने पहिली कॉइल केली होती. बाळाच्या अंगात कणकण, ते उजव्या खांद्यावरून उतरेना. म्हणून तिने डाव्या हातानेच तार गुंडाळली.

ती उलट्या दिशेने गेली, हे श्रीपतीने दाखवेपर्यंत तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. वर चुंबकही पालथा बसलेला. माणसाची एक चूक समजू शकते, श्रीपती म्हणाला, पण एवढ्याशा वस्तूत दोन म्हणजे कमालच. मधे बाळ शिंकलं तेव्हा मोजणीतले दहावीस वेढे गळले असावेत, अशी तिसरी शंका तिला होती. ती तिने सांगितली नाही.

“मीच सोडते, मास्तर,” ती म्हणाली. “घरी एक जीव सांभाळता येईना, इथं काय...”

मास्तरांनी हात पुढे केला. फेकायला मागतायत, असं समजून तिने कॉइल दिली.

त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली. बराच वेळ पाहिली. मग फळीवर श्रीपतीच्या कॉइलशेजारी बसवली आणि दोन्हींची टोकं जोडून कथलाचा डाख दिला.

“अहो, दोन बसवल्यात तर दुप्पट गुणगुणेल,” श्रीपती म्हणाला.

मास्तरांनी रेडिओचं बटण फिरवलं.

...

काहीच नाही. घूं नाही, खरखर नाही.  आता रेडिओही जाळला आपण, मालिनीला वाटलं.

श्रीपतीने वाकून मागून पाहिलं. आतले दिवे तर लागले होते.

मास्तरांनी नखाने तार छेडली.

सूर निघाला. स्वच्छ, एकटा, सगळी खोली भरून. बाळाने खांद्यावरची मान उचलली.

श्रीपतीने तार छेडली. थांबला. पुन्हा छेडली. उलट्या वेढ्यांनी दुसऱ्या कॉइलची घूं कापली होती, आणि चुंबकही पालथा म्हणून सूर तेवढा वाचला होता. मग त्याने स्टूल ओढून मालिनीकडे सरकवलं, आणि असं होईल हे मास्तरांना ठाऊक होतं का, म्हणून हळूच विचारलं.

मास्तरांनी मान हलवली. नव्हतं.

मालिनी स्टुलावर बसली नाही. तिला एकच कळायला हवं होतं.

“उद्या येऊ मग?”

“एकच चूक केली असतीस ना, पोरी,” मास्तर म्हणाले, “तर नको म्हटलं असतं.”