निऑनच्या शेजारचं घर

“म्हणजे तुम्हाला नेमकं कुणासारखं व्हायचंय, मास्तर?”

“निऑनसारखं,” श्रीनिवास म्हणाला.

उभा जन्म कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून, घरदार सोडून तो टेकडीवरच्या या मठात आला होता. मीठसुद्धा सोडलं होतं. दीक्षा तेवढी बाकी होती. म्हातारे वडील त्याला न्यायला आले होते, कालपासून पायरीवर बसून होते. हा पठ्ठ्या त्यांना भेटायलाही गेला नव्हता.

समोर बसलेल्या मठाधिपती खुशालबाबांनी निऑनचं नाव पहिल्यांदाच ऐकलं.

“असतो कसा तो?”

“मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत ज्याचं घर जिथे, तसा त्याचा स्वभाव, बाबा. निऑन ओळीच्या टोकाला. बाहेरचं कवच इलेक्ट्रॉननी पूर्ण भरलेलं. कुणाकडून घेणं नाही, कुणाला देणं नाही. बंध म्हणून नाहीत.” धडा पाठच होता, आवाज चढत गेला.

“आणि त्याच्या पुढच्या घरात?”

“सोडिअम, खालच्या ओळीत पहिला.” श्रीनिवास हसला. “त्याचं काही विचारू नका. बाहेरच्या कवचात एकुलता एक इलेक्ट्रॉन. तोही कधी एकदा देऊन टाकतो, असं झालेलं असतं त्याला.”

“दिल्यावर?”

“दिल्यावर... आतलं भरलेलं कवच उरतं. मांडणी अगदी...”

तो थांबला.

“अगदी?”

“निऑनसारखी.”

“मग सुटला म्हणायचा तोही.”

“नाही, बाबा. ज्याला दिलं, त्या क्लोरीनशी बांधला जातो.” श्रीनिवासचा आवाज आपोआप खाली आला. हेच वाक्य त्याने फळ्यावर कितीदा तरी लिहिलं होतं. आज ते त्याला नव्याने कळलं. तेच भरलेपण, आणि तरी बंध. “दोघांचं मिळून... मीठ होतं.”

बाबा उठून पंगतीकडे गेले.

जेवणाची पानं मांडून झाली होती. श्रीनिवासचं अळणी पान रोजच्यासारखं पंगतीच्या टोकाला, भिंतीशी होतं. बाबांनी ते उचललं, मधोमध आणून ठेवलं. शेजारी आणखी एक पान मांडलं.

“हे कुणाचं?”

“पायरीवर बसलेत त्यांचं. तुमच्याशिवाय जेवत नाहीत म्हणे.”

श्रीनिवासने त्या दोन पानांकडे पाहिलं.

“आणि माझी दीक्षा, बाबा?”

बाबांनी मिठाची वाटी त्याच्या हातात दिली.

“पानात पहिलं मीठ पडतं. बोलवा त्यांना, आणि वाढा.”