सदतिसावं गणित

“सगळी सुटली म्हणतोस?”

“सगळी, सर. एकसष्टपैकी एकसष्ट. अकरा मिनिटांत!”

धैर्यशील बोंद्रेनं नाडगीर सरांच्या टेबलावर प्रबंध ठेवला, तो कुस्ती मारून आलेला पैलवान गदा टेकवतो तसा. पोरगं हुशार, त्यात वादच नाही. पण हुशारी डोक्यात कमी आणि कॉलरीत जास्त.

तीन वर्षं खपून त्यानं सॉल्व्हर लिहिला होता. म्हणजे असा प्रोग्राम, की टँकर इतके, गावं इतकी, दूध नासायच्या आत पोचलं पाहिजे आणि डिझेल कमीत कमी जळलं पाहिजे, अशा हजारो अटी सांभाळून तो नेमकं उत्तर काढतो. आणि तो पारखायला सरांनी तीस वर्षांत जमवलेली एकसष्ट चाचणी-गणितं होती. साखर कारखान्यांची, एसटी डेपोंची, दूध संघांची. मिरजेत जो कोणी सॉल्व्हर लिही, तो या गणितांवर घासून बघे. आजवर सगळी कुणाचीच सुटली नव्हती.

सोमवार ही प्रबंध द्यायची शेवटची तारीख. सरांची सही झाली की गड जिंकला. नाही झाली, तर अख्खं वर्ष पाण्यात.

“मग करताय ना सही?”

सरांनी शेंगा सोलता सोलता मान हलवली. ती हो होती की नाही, ते त्या शेंगांनाच ठाऊक.

“सदतिसावं सोडव बघू.”

सदतिसावं भलतंच खाष्ट. भल्याभल्यांना त्यानं घाम फोडलेला. धैर्यशीलनं लॅपटॉप उघडला, बटण दाबलं. तीन सेकंद. खलास!

“वा! आता एक कर. अटी आहेत त्याच ठेव, फक्त त्यांचा क्रम बदल. पत्ते पिसतात तसा.”

धैर्यशीलला हसू आवरेना. “सर, मीठ आधी टाकलं काय नि तिखट आधी टाकलं काय, आमटी तीच की!”

“तीच. म्हणून तर म्हणतोय, पिस.”

त्यानं पिसलं. बटण दाबलं.

तीन सेकंद झाले. तीस झाले...

सरांनी मूठभर शेंगा त्याच्यापुढे सरकवल्या.

चार मिनिटं... सॉल्व्हर घाण्याच्या बैलासारखा फिरून फिरून त्याच जागी येत होता.

“सर, गणित तर तेच आहे हो!”

“मी कुठे वेगळं म्हणतोय?”

आणि धैर्यशीलच्या डोक्यात उजेड पडला. तीन वर्षं रोज हीच एकसष्ट गणितं. एखादं अडलं की प्रोग्राममध्ये इथे जरा पिळायचं, तिथे जरा सैल सोडायचं, की पुन्हा तेच गणित लावायचं. त्याला वाटत होतं, सॉल्व्हर हुशार होतोय. तो त्या गणितांच्या फायलींना, त्यांतल्या अटींच्या क्रमाला सरावला होता, दुसरं काय! लाजेनं त्याची कानशिलं तापली.

एक टरफल त्यानं उगाच चुरगाळलं. मग म्हणाला, “बाकीची पण पिसून बघू?”

लॅपटॉपचा पडदा नीट दिसावा म्हणून सरांनी खुर्ची तेवढी सरकवून घेतली.

दुपार उतरली. एकूण चौदा गणितं अडली. आणि गंमत बघा, आठव्यानंतर धैर्यशीलच मांडी थोपटून हसायला लागला. “ही बघा सर, ही पण आडवी झाली!”

शेवटी त्यानं पेन काढलं. पहिल्या पानावरचं ‘६१’ खोडलं, वर ‘४७’ लिहिलं, आणि कुठली चौदा अडली ते खाली एकेक मांडलं. मग प्रबंध पिशवीत घालू लागला.

“येतो सर. सोमवार गेला तर गेला. ही चौदा का अडली ते कळल्याशिवाय मला आता चैन पडायचं नाही.”

“आण तो इकडे.”

सरांनी मांडीवरची टरफलं झटकली, पान उघडलं आणि झोकात सही ठोकली.

धैर्यशील बघतच राहिला. “अहो सर, मघाशी सगळी पास होती, तेव्हा तुम्ही पेनाला हात लावला नाहीत. आता तर चौदा नापास आहेत!”

“सगळी पास म्हटलं की माझा हात थरथरतो रे.”