टोरांटोपर्यंतचे एकवीस तास

“आणि मुंबईपासून टोरांटो किती लांब, ठाऊक आहे का बुवा?”

“नाही रे.”

“साडेबारा हजार किलोमीटर!” भार्गव म्हणाला. “मध्ये एकदा विमान बदलायचं. सगळं धरून एकवीस तास.”

यशवंतबुवा वाती वळत राहिले. कृष्णाकाठच्या लहानशा मठात ते पखवाज शिकवत. टोरांटोच्या मंडळींनी उत्सवासाठी त्यांच्याकडे एक शिष्य मागितला आणि बुवांनी उद्धवला पाठवलं. उद्धव नऊ वर्षं शिकत होता, भार्गव बारा. भार्गवच्या पोटात दुखायला तेवढं पुरे होतं.

दुपारपासून तो मोबाइलवर उद्धवचं विमान बघत होता. त्या इवल्या विमानाचं काही वाईट व्हावं असं त्याच्या मनात नव्हतं. ते फक्त मागे फिरावं, एवढीच त्याची इच्छा.

“आता काळ्या समुद्रावर आलाय.”

“कोण?”

“उद्धव! दुसरं कोण?” भार्गवचा आवाज चढला. “खोटं कशाला बोलू बुवा, जळफळाट होतोय माझा. मी आधी आलो. हात माझा जास्त तयार आहे, तुम्हीच म्हणालात. मग माझ्यात काय कमी होतं? सांगा, नाहीतर उद्यापासून मी येत नाही.”

बुवांनी हातातली वात ताटलीत ठेवली.

“आरतीची वेळ झाली. उद्धव नाही, तर आज तू वाजव.”

भार्गवने पखवाज पुढ्यात ओढला, खोळ काढली आणि थबकला.

डाव्या बाजूच्या कातड्यावर कालची कणीक तशीच होती, वाळून दगड झालेली. वाजवण्याआधी तिथे ओली कणीक थापायची, म्हणजे नाद घुमतो. वाजवून झालं की ज्याने वाजवलं त्याने ती खरवडून काढायची, ही मठाची रीत. काल संध्याकाळी आरती करून उद्धव मुंबईला निघाला, त्यानंतर भार्गवच रियाजाला बसला होता.

त्याने थाप मारली.

ठक्.

“असं कधी झालं नव्हतं, बुवा.”

“नाही झालं.”

“इतक्या वर्षांत एकदाही नाही. मी तर रोज…”

तो अडखळला. हात कातड्यावर तसाच राहिला.

“बुवा, मी शेवटची कणीक कधी काढली?”

“उद्धव आला, त्याच्या आदल्या दिवशी.”

…

बाहेर आरतीला माणसं जमू लागली होती. भार्गव नखाने कणीक खरवडू लागला. ती निघेना.

“मला कधी बोलला नाही तो.”

“मलाही नाही.”

बुवा उठले. पाण्याची वाटी आणि एक फडकं त्यांनी भार्गवपुढे ठेवलं.

“किती तास म्हणालास टोरांटोला?”

“एकवीस.”

“उद्धवला नऊ वर्षं लागली.”