साळूची पायली

“एक पायली! जोंधळे एक पायली, गहू एक पायली, तांदूळ एक पायली, डाळ एक पायली! आठवड्याला एवढंच, वर दाणा नाही!” हैबतराजे कडाडले.

मुदपाकखान्यातली साळू बघतच राहिली. पायली म्हणजे चार शेरांचं माप, आणि घरात खाणारी तोंडं बावन्न! तीन राण्या, चार चुलते, सात भाऊ, त्यांच्या बायका, आणि पोरं तर इतकी की जेवायला बसवताना मोजायची आणि उठवताना पुन्हा मोजायची. आठवडी बाजारातून धान्य आणायचं, निवडायचं, दळायचं काम साळूचं. हल्ली बाजार पुरेना. आठवडा सरता सरता पोरं कण्यांची पेज पिऊन झोपायची. राघोशेट वाणी मापाला शीग लावत नाही, एवढंच सांगायला ती बिचारी आली होती.

शीग म्हणजे माप काठोकाठ भरलं की वर चढतो तो ढीग. तो गिऱ्हाइकाचा हक्कच. पण राघोशेट भरल्या मापावरून असा मायेनं हात फिरवायचा, जसा लेकराच्या डोक्यावरून! शीग परत पोत्यात.

आणि हा शेट बसला होता कुठं, तर राजांच्या मांडीला मांडी लावून, विडे करून देत!

“मी शीग लावत नाही? महाराज, दाणे सांडेपर्यंत लावतो! धान्य जातं कुठं, ते या बाईच्या ओच्यात बघा.”

राजे कुणाचं ऐकत नसत, फक्त विडा देणाऱ्याचं ऐकत. म्हणाले, “एकेका पायलीत बावन्न माणसं जेवली तर ठीक. नाही जेवली तर तू चोर, आणि वेशीबाहेर!”

“बरं सरकार. पण शीग शेटनी सांगितली तशीच ना?”

“सांडेपर्यंत!” राजे म्हणाले.

“सांडेपर्यंत!” शेट म्हणाला.

“आणि माप मी घरचं आणलं तर?”

“आण की! चावडीवर शिक्का मारून आण म्हणजे झालं.” शेटला हसू आवरेना. पायली ती पायली, घरची काय नि दारची काय!

साळू तडक सुताराकडे गेली. त्यानं करून दिलं ते बघून तोच म्हणाला, “अगं साळूअक्का, हे माप की गाडीचं चाक?” दोन हात रुंद, आणि काठ कसला, नावालाच!

चावडीवरच्या कारकुनानं डोळे चोळले. “बाई, ही पायली?”

“मोजून बघा की दादा.”

त्यानं सरकारी पायलीभर जोंधळे त्यात ओतले, हातानं पसरले. बरोब्बर काठाला लागले! त्यानं माप वरून बघितलं, खालून बघितलं, उभं धरून बघितलं. रुंद माप करू नये असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. मारला शिक्का!

बाजाराच्या दिवशी दोन गड्यांनी ते माप आणून शेटच्या दुकानापुढे ठेवलं. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. शेटनं जोंधळे ओतले, सुरात म्हणाला, “लाऽभ! झाली पायली, उचला!”

“पायली झाली. आता शीग.”

शेटनं ओंजळ टाकली. दुसरी टाकली. मग सूप घेतलं. ढीग वीतभर चढला, अर्धं पोतं खाली झालं, तरी काठाबाहेर दाणा जाईना!

“सांडलं का गं साळू?” भाजीवाल्या विचारायच्या.

“कुठलं बाई! अजून हातभर जागा आहे!”

शेटचा हात सवयीनं ढिगाकडे गेला. साळूनं मनगटच धरलं. “अं हं! शब्द राजांपुढे दिलाय.”

शेट पागोटं सावरत जो पळाला तो राजांनाच घेऊन आला. “लुटलं महाराज, लुटलं! अशी शीग कुणी बघितली आहे का? डोंगर आहे डोंगर!”

राजांनी ढीग बघितला, शिक्का बघितला. “साळू, हा काय प्रकार?”

“सरकार, पायली एकच आहे, शिक्का आपल्याच चावडीचा आहे. बावन्न तोंडांच्या घरचं माप, म्हणून त्याचं तोंड जरा मोठं केलं. आणि शेट तर दर आठवड्याला सांडेपर्यंत शीग लावतात म्हणे. मग आज एका शिगेला का रडतात? ज्यानं जन्मात शीग लावली नाही, त्यालाच ती डोंगराएवढी दिसते!”

सगळा बाजार फिदीफिदी हसला. राजे आधी लाल झाले, मग त्यांच्या मिश्या हलल्या, मग पोट हललं, आणि असे हसले, असे हसले की तोंडातला विडा शेटच्या पांढऱ्या अंगरख्यावर!

“म्हणजे मलाही फसवलंस की गं!”

“मी नाही सरकार. मी नुसतं माप आणलं.”

राजांनी कोठीच्या किल्ल्या तिथंच साळूच्या हाती दिल्या, वर जरीकाठी लुगडं. वर्षभर राजवाड्याचं धान्य याच पायलीनं मोजायचं, असा हुकूमही सोडला. शेट हळूच दुकानाच्या मागच्या दारानं निघाला होता.

“कुठं निघालात शेट?” राजे ओरडले. “अजून गहू, तांदूळ, डाळ आहे! बसा, आणि लावा शीग!”