सागाची शिलाई

त्या राज्यात पानं ताटाएवढी होती, पण ती शिवणारं कुणी नव्हतं. वारा सुटला की घरटी उलटत, अंडी खाली येत आणि सगळे पक्षी मिळून वाऱ्याला नावं ठेवत. तेवढं झालं की काम झालं, अशी त्यांची समजूत होती.

बाहेरच्या पक्ष्याला तिथे सहज येता येत नसे. इथल्या एखाद्या झाडाने त्याला बोलवावं लागे, आणि बोलवण्याआधी त्या झाडाने तीन सकाळी हाक घालून विचारायचं, की हे काम येणारं आपल्यात कुणी आहे का. टेकडीवरच्या जुन्या सागाने तशी हाक घातली. पहिल्या सकाळी पारवा आला. त्याने आडव्यातिडव्या दोन काड्या ठेवल्या आणि "झालं घरटं" म्हणून तो दाणे टिपायला निघून गेला. दुसऱ्या सकाळी साळुंकीने पानात दोरा ओवला, तो कचकन आवळून गाठ मारली आणि पान टरकन फाटलं. तिसऱ्या सकाळी कुणी फिरकलंच नाही. तेव्हा कुठे नदीपलीकडून सेवंता शिंपीण आली.

जीव मूठभर, पण मान ताठ. चोचीत आपल्या गावच्या सावरीच्या कापसाचा पुंजका. सीमेवरच्या दगडावर धनेश कारकून बसलेला असे. त्याची चोच मोठी आणि आवाज त्याहून मोठा. त्याने सागाचं कोवळं पान तिच्या गळ्यात अडकवलं आणि नियम ऐकवले.

"हे पान हिरवं आहे तोवर तू इथली. दर पावसाळ्यात साग तुला नवं पान देईल. द्यायचं की नाही, ही त्याची मर्जी. पान वाळलं की मी तीनदा 'नदीपार' म्हणणार. तिसऱ्यांदा म्हटलं की निघायचं. आणि जाताना तुझं जे जे असेल ते सगळं घेऊन जायचं. काडीसुद्धा मागे ठेवायची नाही."

हा शेवटचा नियम फार जुना होता. बाहेरच्याचं काही मागे राहिलं तर उद्या तो त्यावर हक्क सांगायला येईल, अशी जाणत्यांना भीती वाटली होती.

सेवंता कामाला लागली. दोन पानांच्या कडा जवळ घ्यायच्या, चोचीने भोक पाडायचं, दोरा ओवायचा. गाठ मात्र नाही. दोऱ्याचं टोक फुलवून ते भोकात अडकवायचं, ही तिच्या आईची, आजीची रीत. साळुंकीने नाक मुरडलं, "गाठच नाही तर टिकेल कसं?"

"गाठीनं पान फाटतं, बाई," सेवंता म्हणाली. "वारा सुटू दे, मग बघ."

वारा सुटला. एकही अंडं पडलं नाही. त्या दिवशी सेवंता फांदीच्या शेंड्यावर बसून किती तरी वेळ आपलं काम बघत राहिली. तिला स्वतःचा अभिमान वाटला आणि तो तिने लपवला नाही.

मग शेजारच्या झाडांची मागणी आली. साग तिला इकडे चार दिवस, तिकडे आठ दिवस पाठवू लागला. तिने उंबर शिवला, पळस शिवला. धनेशाच्या वहीची पानं वाऱ्याने उडत. येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांच्या नोंदी असलेली ती वहीही तिनेच शिवून दिली. उन्हाळ्यात ती घरी जाऊन कापूस घेऊन येई, कारण इथल्या सुताला तो चिवटपणा नव्हता. राज्यभर नाव झालं, ते 'सागाची शिलाई' म्हणून.

चौथ्या पावसाळ्यात तिच्या घरट्यात तीन पिल्लं होती, अजून पंख न फुटलेली. ती नवं पान मागायला गेली, तेव्हा साग म्हणाला, "देतो की. उद्या झाडांची सभा आहे. तिथं एवढंच सांग, की ही कला तुला मी शिकवली."

सेवंताने पिल्लांकडे पाहिलं. पान गेलं तर तिला जावं लागणार होतं, आणि पिल्लांना नदी ओलांडता येणार नव्हती.

"आबा, सावली तुमची आहे, ती मी कधी नाकारली नाही," ती म्हणाली. "पण टाका माझा आहे. तो माझ्या आईनं शिकवला. याबाबत मी खोटं बोलणार नाही."

सागाने पान दिलं नाही. गळ्यातलं जुनं पान कडेने पिवळं पडत गेलं आणि एका सकाळी वाळून गळून पडलं.

सगळं रान सीमेवर जमलं. धनेशाने वही पुढ्यात ओढली, चोच उघडली आणि म्हणाला, "नदीपार." थोडं थांबून पुन्हा म्हणाला, "नदीपार. तुझं काय असेल ते गोळा कर, शिंपिणी."

"करते, कारकूनदादा," सेवंता म्हणाली. तिची मान ताठच होती. "नियमच आहे तुमचा. जवळचं आधी घेते."

ती वहीवर उतरली, दोऱ्याचं फुललेलं टोक चोचीत धरलं आणि हलकेच ओढलं. गाठ नव्हतीच. दोरा सरसर सुटत आला. पहिलं पान निसटलं आणि वाऱ्यावर गेलं. मागोमाग दुसरं गेलं.

जमलेल्या पक्ष्यांनी एकदम माना वळवल्या आणि आपापल्या घरट्यांकडे पाहिलं. उंबराने फांद्या आवरून घेतल्या. साग खाली बघत उभा राहिला.

तिसरं पान सुटायला आलं, तसा धनेश घाईघाईने पुढे झुकला आणि त्याने दोऱ्याचं टोक आपल्या चोचीत घट्ट पकडलं.

सेवंताने आपल्या चोचीतला दोरा सोडला. ती दगडावर बसून तिसऱ्या हाकेची वाट बघू लागली. ऊन चढलं. धनेशाचे डोळे लाल झाले, मान अवघडली, पण चोच उघडेना. घरट्यातून पिल्लांची भुकेची चिवचिव ऐकू आली, तेव्हा सेवंता उठली आणि त्यांना भरवायला निघून गेली.