‘गडप’ या शब्दाबाबत

विषय: वेशीच्या आत राहिलेली सावली तिच्या मालकिणीस परत मिळणेबाबत.
संदर्भ: भिवरा कासारणीने सदर मालकिणीच्या वतीने दिलेला अर्ज.

उपरोक्त विषयी हकिगत अशी. तीन मुलखांच्या हद्दी जिथे एकमेकींना टेकतात, तिथे एक गाव होते. गावाला वेस होती, वेशीला दरवाजा होता आणि दरवाजाला नियम होता. परक्या माणसाचे म्हणणे आधी दुभाष्याने सांगायचे, मग अंमलदारांनी हुकूम लिहायचा, मग त्या माणसाने पाऊल आत टाकायचे.

दुभाषी होते गुंडोपंत. त्यांना सात भाषा येत, असे तेच सांगत; तपासायला गावात दुसरा दुभाषी नव्हता. चावडीवर बसून ते शब्दांची कुळे उलगडत. दाराखाली उंबराचे लाकूड बसवीत, म्हणून उंबरठा. गुजराती त्यालाच उंबरो म्हणतो, कानडी होस्तिलु. सावली कानडीत नेरळु, तेलुगूत नीड. हे सगळे बरोबर असे आणि पंचाईत तीच होती. नेहमी बरोबर असणाऱ्या माणसाला ‘ठाऊक नाही’ म्हणायची सवय राहत नाही.

एका उन्हाळ्यात, सकाळचे ऊन तापू लागले असताना, पूर्वेकडून एक म्हातारी वेशीशी आली. डोक्यावर गाठोडे, ओठ फुटलेले. ऊन पाठीशी होते, म्हणून तिची सावली तिच्या आधी उंबरठ्याच्या दगडावरून आत पोचली होती. तिने दगडाकडे बोट दाखवले आणि दोनच शब्द उच्चारले, “गडप... नीड...”

“काय म्हणते?” अंमलदारांनी विचारले.

‘नीड’ गुंडोपंतांना ठाऊक होता. ‘गडप’ ठाऊक नव्हता.

“सोपे आहे,” ते म्हणाले. “तेलुगू आहे. नीड म्हणजे सावली. गडप तर आपलाच शब्द, तिकडे गेलेला. बाई म्हणते, माझी सावली गडप करा.”

वेशीवरचा येसबा नाईक म्हणाला, “पंत, ती दगडाकडं बोट दावतीया.”

“आणि दगडावर काय पडलंय?”

“सावली.”

“मग?”

अंमलदारांनी लिहिले: बाईची सावली गडप करण्यास हरकत नाही. बाईने स्वतःसाठी काही मागितलेले नाही, सबब त्याबाबत हुकूम नाही.

सावली गडप कशी करतात, हे येसबाला माहीत नव्हते. म्हणून त्याने दरवाजा लावून घेतला.

दरवाजा लागताच सावलीने बाहेर राहायला हवे होते. ती राहिली नाही. आतल्या फरसबंदीवर ती तशीच पडून राहिली, डोक्यावर गाठोडे घेऊन. बाहेर म्हातारी उन्हात उभी होती आणि तिच्या पायाशी काहीच नव्हते. ती निघून जाऊ लागली, तर चार पावलांवर अडली आणि मागे ओढली गेली. त्याच क्षणी आतली सावली दाराच्या फटीकडे ताणली गेली. फटीपाशी उभ्या येसबाने हे दोन्ही पाहिले आणि त्या दिवशी तो जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी भिवरा कासारीण तेलुगू मुलखात बांगड्या विकून परतली. बाहेर ती म्हातारीशी बोलली, मोठ्या दरवाजातल्या लहान दिंडीतून वाकून आत आली आणि थेट चावडीवर गेली.

“पंत, कुणाच्या जिवावर उठलाय? गडप म्हंजे उंबरठा! म्हातारी म्हणत होती, उंबरठ्यापाशी घटकाभर सावलीला बसू द्या.”

अंमलदारांनी घसा खाकरला. “पंत, हुकूम तुमच्या सांगण्यावर झाला. तुमच्या लेखी खुलाशाशिवाय तो फिरवता येत नाही. एकच ओळ लिहा, ‘हा शब्द मला ठाऊक नव्हता.’ मी आत्ता दरवाजा उघडतो.”

गुंडोपंतांनी टाक उचलला आणि खाली ठेवला. “तसं नव्हे. उंबरठा ओलांडला की माणूस घरात गडप होतो, म्हणून त्याला गडप म्हणतात. मी शब्दाच्या मुळाकडे गेलो, इतकंच.”

“मुळाकडं मागनं जावा,” भिवरा म्हणाली. “म्हातारी उन्हात हाय.”

पंतांनी विचाराला सवड मागितली. भिवराने अर्ज दिला, त्याला आवक क्रमांक पडला. पंतांनी घरी बसून बत्तीस पानांचे टिपण लिहिले. मागितलेली ओळ त्यात नव्हती.

त्या संध्याकाळपासून सावली वेशीवरून उठू लागली. दिवेलागणीला ती पंतांच्या दाराशी येई आणि उंबरठ्यावर आडवी पडे. दिवा कुठेही ठेवला तरी तिची दिशा बदलत नसे. कुत्री तिच्यावर भुंकत नसत. उठून वाट देत.

“अहो, ती आलीय पुन्हा,” पंतांच्या पत्नी सगुणाबाई म्हणाल्या. “मी बाहेर जाऊ कशी?”

“ओलांडून जा. सावली म्हणजे नुसता उजेडाचा अभाव.”

“अभावाला धाप लागते का? ऐका जरा.”

पंतांनी ऐकले. धाप लागली होती.

“लिहून टाका ना ती ओळ.”

“तीस वर्षं झाली, सगुणा. तीस वर्षांत मी एकदाही तसं म्हटलेलं नाही.”

“मग एकदा म्हणा.”

पंतांनी कागद ओढला. ‘हा शब्द मला’ एवढे लिहिले. पुढे ‘बहुधा’ लिहिले. मग सगळेच खोडले.

येसबा रोज दिंडीतून पाणी देत होता. नवव्या सकाळी तो तांब्या घेऊन बाहेर गेला, तेव्हा म्हातारी नव्हती. गाठोडे होते, त्याची गाठ सुटलेली नव्हती. धुळीत जाणारी चार पावले उमटली होती, पाचवे नव्हते.

सद्यःस्थिती अशी. मालकीण हजर नाही. सावली हजर आहे. ती पंतांच्या घरात रोज बोटभर आत सरकते आणि परवा चौरंगापर्यंत आली. सगुणाबाई माहेरी गेल्या आहेत. पंत पाय वर घेऊन चौरंगावर बसतात आणि टिपणाला नवे पान जोडतात. त्यांचा खुलासा अद्याप आलेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.

तात्पर्य: जे ठाऊक नाही, ते ‘ठाऊक नाही’ असे वेळेवर सांगावे; जाणत्याने ते सांगायची लाज धरली, तर त्याची झळ आधी दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला लागते.