बारा केटलबेल आणि एक नाल

"मग मामा, घरात एकूण किती असले म्हणजे पुरे?"

रणधीरने पुन्हा विचारलं.

इसाक वस्ताद आखाड्याच्या हौद्याच्या काठावर बसून लाल मातीतले खडे वेचत होते. कुस्तीच्या मातीत खडा राहिला की पोरांच्या पाठी सोलतात, म्हणून दुपारी तालीम रिकामी असली की वस्तादांचं हेच काम. ऐंशी कधीच ओलांडलेला माणूस. हाताला कंप. पण खडा बोटांना बरोबर सापडत होता.

"कशाचं किती?"

"केटलबेलचं. सांगितलं ना मघाशी."

"ते काय असतंय?"

रणधीरने मोबाइल काढून फोटो दाखवला. लोखंडाचे गोळे, प्रत्येकाला वर जाड कडी. चिमुकल्यापासून थोराड गोळ्यापर्यंत बारा नग, भिंतीशी ओळीने उभे. शाळेच्या फोटोत उंचीप्रमाणे पोरं उभी करतात, तसे.

वस्तादांनी मोबाइल हातभर लांब धरला, डोळे बारीक केले.

"कुलपं दिसत्यात."

"कुलपं नाहीत मामा, वजनं आहेत."

"एवढी कुलपं... घरात ठेवलंयस तरी काय?"

रणधीर हसला नाही. थट्टा ऐकायला तो पुण्याहून आला नव्हता.

वस्ताद त्याच्या आईच्या गावचे, तिच्याच गल्लीतले. ते तिला कौशी म्हणत, ती त्यांना दादा. त्या नात्याने हे मामा. लहानपणी सुट्टीत आजोळी आला की रणधीर या तालमीच्या दारात उभा राहून आतली धडपड बघायचा. आत यायचा धीर कधी झाला नाही. पुढे नोकरी लागली, फ्लॅट झाला, पोट सुटलं. मग व्हिडिओ बघता बघता त्याने घरातच व्यायाम सुरू केला, आणि माणसाला तपकीर लागावी तसा तो त्याला लागला. आता चाळिशीत त्याचे खांदे असे होते की लिफ्टमध्ये शिरला की आधी आरशाकडे वळायचा. कौतुक कुणाला आवडत नाही? त्याला जरा जास्त आवडायचं, एवढंच.

"प्रत्येकाचं काम वेगळं असतं," तो समजावू लागला. "हा खांद्याला. हा पायांना. हे दोन झोके द्यायला. फक्त वरच्या अंगाला एक फट राहते बघा. बत्तीस किलोनंतर एकदम चाळीस. मला वाटतं, मध्ये एक हवाच. आणि मधुरा म्हणते, आहेत तेवढे सगळे काढून टाक."

"मधुरा कोण?"

"बायको."

"तिला का नगं?"

कौलात बसवलेल्या काचेतून उन्हाचा एक चौकोन मातीवर पडला होता. त्यात धूळ तरंगत होती. तेल, हळद आणि कापूर यांचा जुना वास सगळीकडे भरून राहिला होता, आणि त्या वासाने डोळे आपोआप जड होत होते.

"आईची चाकाची खुर्ची जात नाही तिथून," तो म्हणाला.

वस्तादांचा हात मातीत थांबला.

"कौशी तुझ्याकडं हाय?"

"हो. खुब्याचं हाड मोडलं तिचं. ऑपरेशन चांगलं झालं. आता पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, एवढंच उचलायचं असतं."

"एवढंच," वस्ताद म्हणाले. "मग उचलतोस का न्हाई?"

रणधीरने मोबाइल खिशात घातला. खिशात घालायला त्याला बराच वेळ लागला.

"ती मला उचलू देत नाही, मामा."

झालं होतं ते असं. आई दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी कामाला ठेवलेल्या शोभाबाई पुढे झाल्या, तर रणधीर म्हणाला, तुम्ही बाजूला व्हा. शोभाबाई म्हणजे पापडाएवढी बाई, ती काय उचलणार! त्याने पाय फाकवले, कंबर मागे नेली, आईच्या काखेत हात घातले आणि रोज गोळा उचलतो तसा एका झटक्यात तिला वर घेतलं. पद्धतीत एकही चूक नव्हती. आई अशी किंचाळली की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं.

काही मोडलं नाही. डॉक्टर म्हणाले, सगळं जागेवर आहे.

पण त्या दिवसापासून तो पलंगाजवळ गेला की आई कठडा घट्ट धरायची. "तू नको रे. शोभाबाई येऊ देत." शोभाबाई सकाळी यायच्या, संध्याकाळी यायच्या. मधल्या वेळेत आई पडून. गॅलरीतलं ऊन तिला फार आवडायचं. ते यायचं आणि निघून जायचं. आई मागायची नाही. आणि तिच्या वजनापेक्षा जास्त लोखंड दररोज डोक्यावर नेणारा मुलगा दारात उभा राहायचा. त्याला आपल्या हातांची लाज वाटायची.

त्याने मनाशी हिशेब केला होता. वर घेताना आपल्याला झटका द्यावा लागला, म्हणजे ताकद कमी पडली. ताकद कमी पडली, म्हणजे कुठलं तरी वजन आपल्याकडे नाही. माणूस ज्या विषयात हुशार असतो त्याच विषयात उत्तर धुंडाळतो, आणि रणधीर या विषयात फार हुशार होता.

"ताई म्हणते, आईला ठेवायला एखादं चांगलं सेवाघर बघू," तो म्हणाला. "रविवारी बघायला जायचंय. मी आईला विचारलं..."

"काय म्हनाली?"

"हो म्हणाली. लगेच हो म्हणाली, मामा."

वस्ताद खडे वेचत राहिले. कौलावर एक पारवा घुमत होता. तो थांबला तेव्हा रणधीरला कळलं की तो इतका वेळ घुमत होता.

मग वस्तादांनी हनुवटीने कोपरा दाखवला. "त्यो नाल बघ."

भिंतीपाशी दगडाचं एक जाडजूड कडं पडलं होतं. मधोमध मूठ धरायला दगडातच कोरलेला दांडा. किती हातांनी धरून तो दांडा गुळगुळीत झाला होता, कोण जाणे.

"ह्या तालमीत उचलायला एवढा एकच हाय."

"एकच? पोरांनाही हाच आणि पैलवानांनाही हाच?"

"पोरं हलवत्यात. पैलवान उचलत्यात."

"आणि ज्यांना तो हलका पडायला लागतो?"

"त्यास्नी म्हनतो, हळू."

"हळू उचला?"

"हळू ठेवा."

रणधीर उठला. शर्टाच्या बाह्या वर सरकवल्या. मातीला हात लावून कपाळाला नेला, कारण लहानपणी दारातून तेवढं बघितलेलं होतं. नाल धरला आणि सहज खांद्यावर घेतला. तिथून डोक्यावर. मग वस्तादांकडे पाहिलं. शाबासकीची वाट बघणारी माणसं कशी बघतात, तसं.

"ठेव."

त्याने ठेवला. म्हणजे सोडलाच. धप्प झालं, माती उडाली. हौद्याच्या कडेला एक करडी मांजर झोपली होती, ती दचकून उठली, दोघांकडे तिरस्काराने पाहिलं आणि पुन्हा वेटोळं करून पडली.

"मांजर उठली," वस्ताद म्हणाले. "पुन्यांदा."

पुन्हा धप्प. जरा कमी. मांजरीने एक डोळा उघडला.

"पुन्यांदा."

रणधीर चिडला. एवढ्या लांब यायचं आणि मांजर झोपवायची? पण वस्तादांपुढे चिडूनही काही होत नाही, ते आपले खडे वेचतात. त्याने उचलला, ठेवला. उचलला, ठेवला. उन्हाचा चौकोन हळूहळू मातीवरून सरकत होता. वर नेताना त्याला काहीच होत नव्हतं. खाली आणताना मांड्या थरथरायला लागल्या. शेवटची वीत तर संपता संपेना. बारा गोळ्यांनी जे दमवलं नाही ते त्या एका वितीने दमवलं.

आणि मग केव्हातरी असं झालं की नाल हातातून कधी सुटला आणि मातीने कधी घेतला, हे त्याला कळलंच नाही.

मांजर झोपलेली होती. तिची मिशी तेवढी हलत होती.

रणधीरने मान वर केली. वस्ताद मातीत आडवे झाले होते. पाय सोडलेले, हात छातीवर.

"आता मला."

"मामा?"

"उचल की."

एवढासा म्हातारा! रणधीर गेला, पाय फाकवले, काखेत हात घातले. आणि वस्तादांचं अंग लाकडासारखं ताठ झालं. मान मागे गेली, बोटं त्याच्या मनगटात रुतली. जेमतेम गोळाभर वजनाचा माणूस, पण उचलता येईना.

"कुठं घिऊन चाललायस?" वस्तादांनी विचारलं.

"कुठे नाही. उचलतोय फक्त."

"मला काय म्हाईत?"

रणधीरने हात काढून घेतले.

"आधी हात ठेव."

"कुठे?"

"कुठंबी. ठेव नुसता."

त्याने वस्तादांच्या पाठीखाली तळवा सरकवला आणि तिथेच ठेवला. पुढच्या हुकमाची वाट पाहू लागला. हुकूम येईना.

सदऱ्याखाली श्वास चालला होता. हात किंचित वर येत होता, किंचित खाली जात होता. रणधीरचा स्वतःचा श्वास अजून नाल उचलल्याचा होता, धापांचा. दोन वेगवेगळ्या गाड्या एका रस्त्याने चालल्याचं त्याला जाणवत राहिलं. मग एक जरा मंदावली. मग दोन्ही बरोबर चालायला लागल्या. पारवा पुन्हा घुमू लागला होता, की मघापासून घुमतच होता, ते आता नीट सांगता आलं नसतं. चौकोनी ऊन माती सोडून भिंतीवर चढलं होतं, आणि तालमीतली सावली पाण्यासारखी गार झाली होती.

आईची पाठ कशी आहे, हे आपल्याला माहीत नाही, असं त्याच्या मनात आलं. तिचं वजन माहीत आहे. दवाखान्याच्या कागदावर होतं. पाठ माहीत नाही.

आणि तेवढ्यात म्हाताऱ्याची पाठ त्याच्या हातात जड झाली. सबंध. जणू इतका वेळ ती स्वतःला धरून होती आणि आता तिने सोडून दिलं.

रणधीर उठला. केव्हा उठला ते त्याला समजलं नाही. वस्ताद त्याच्या दोन्ही हातांवर होते, डोकं खांद्याला टेकलेलं, तोंड जरासं उघडं. झोपले होते की काय? त्याने विचारलं नाही. तो तसाच उभा राहिला आणि त्याला रडू आलं. खूप आलं. आईच्या अंगावर आपण तुटून पडलो होतो, या एका विचाराने आलं, आणि त्याने ते आवाज न करता येऊ दिलं.

मग तो गुडघ्यात वाकला. शेवटची वीत सावकाश उतरला.

वस्ताद मातीवर टेकले, उठून बसले, डोक्यावरची टोपी सारखी केली.

"आता सांग. कुलपं किती लागतील?"

"एक," रणधीर म्हणाला. "सोळाचा ठेवतो. बाकीचे देऊन टाकतो."

"मोठा का न्हाई?"

"तो मला अजून हळू ठेवता येणार नाही."

वस्तादांनी मान डोलावली. तांब्या घेऊन ते मातीवर पाणी शिंपडू लागले. संध्याकाळी पोरं यायची होती. ओल्या मातीचा वास उठला, आणि क्षणभर रणधीरला वाटलं की हे सगळं आपण झोपेतच बघतोय, जागे झालो की बेडरूम असेल आणि भिंतीशी ती रांग.

त्याने चपला घातल्या. वाकून नमस्कार केला. उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला. लहानपणी थांबायचा तिथेच, फक्त तोंड आता आतून बाहेर होतं.

"मामा..."

"हं."

"मी हात ठेवीन. घाई करणार नाही. पण तिने कठडा धरला आणि तरीही नको म्हणाली, तर?"

वस्ताद पाणी शिंपडत राहिले. या कडेपासून त्या कडेपर्यंत. तांब्या रिकामा झाला, त्यांनी तो पालथा करून झटकला. रणधीरला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नसावं.

"तर तिच्यापुढं वाक, मान तिच्या हातांत दे आन म्हन," वस्ताद म्हणाले, "आई, मला उचलून घे."